अनध्याय आणि खंड : तांत्रिक व्यवसायात परतणाऱ्या स्त्रीच्या प्रश्नाची एक चिकित्सा

१

महाराष्ट्राच्या स्त्रीशिक्षणाचा इतिहास अभ्यासणाऱ्यास केडगाव हे नाव दोन ठिकाणी भेटते व पुष्कळदा त्याचा घोटाळाही होतो. एक केडगाव पुणे जिल्ह्यातील दौंड तालुक्यातले. पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन ते हेच. दुसरे केडगाव अहमदनगर शहराच्या पुण्याकडील वेशीवरचे. रेणुकामातेच्या देवस्थानामुळे ते पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे. आज ते नगर महापालिकेच्या हद्दीतील दाट वस्तीचे उपनगर झाले असून जिल्ह्याचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर असे आहे. या दोन गावांचा परस्परांशी नामसाम्याखेरीज संबंध नाही. तथापि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने हे नामसाम्य उपयोगी पडते. पहिल्या केडगावी गेल्या शतकाच्या आरंभी एक प्रयोग झाला. त्या प्रयोगाने जो प्रश्न सोडविला त्याचेच निराळे रूप दुसऱ्या केडगावासारख्या शेकडो उपनगरांतून आज उभे आहे.

ते रूप असे. नगरच्या आसपास नागापूर व सुपे येथे औद्योगिक वसाहती आहेत, लष्कराच्या वाहनांविषयी संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था आहे, अभियांत्रिकीची महाविद्यालये व तंत्रनिकेतने आहेत, राहुरीस १९६८ पासून कृषी विद्यापीठ आहे. या शिक्षणसंस्थांतून मुली पदविका व पदव्या घेऊन बाहेर पडतात. काही नोकरीस लागतात. पुढे विवाह, पतीची बदली, बाळंतपण, मुलाचे आजारपण किंवा सासऱ्यांची शुश्रूषा यांपैकी एखाद्या कारणाने नोकरी सुटते. पाच-सात वर्षांनी मूल शाळेत जाऊ लागते आणि परतण्याचा विचार मनात येतो. या क्षणी त्या स्त्रीपाशी पदवी असते व अनुभवही असतो, परंतु आत शिरावयाचे दार कोणते हे तिला कोणी सांगू शकत नाही. हे दार कोठे गेले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२

प्रश्नाचा विचार करण्यापूर्वी तो ज्या शब्दांत मांडला जातो त्या शब्दांची छाननी करणे इष्ट ठरेल. शासकीय मराठीत नोकरी मध्येच सुटल्यास तिला ‘सेवेतील खंड’ म्हणतात. असा खंड पडल्यावर पूर्वीची सेवा ग्राह्य धरावयाची असल्यास तो ‘क्षमापित’ करून घ्यावा लागतो. क्षमा अपराधाची असते. तेव्हा खंड क्षमापित करणे या शब्दप्रयोगातच कर्मचाऱ्याकडून काही प्रमाद घडला आहे व सरकारने उदार होऊन तो पोटात घातला आहे, असा भाव अनुस्यूत आहे. शिक्षणाच्या क्षेत्रातही हाच भाव दिसतो. मध्ये काही वर्षे गेली असतील तर प्रवेशाच्या वेळी विद्यार्थ्यास ‘गॅप’विषयीचे प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. या वर्षांत अन्यत्र प्रवेश घेतलेला नाही व गैरकृत्य केलेले नाही, असे त्यात शपथेवर लिहावयाचे असते. मुलाला वाढविण्यात गेलेली वर्षे अशा प्रकारे एका नकारात्मक विधानात मावतात. काय केले नाही ते नोंदले जाते. काय केले, त्यासाठी रकाना नसतो.

याच्या उलट, अध्ययनात पडणाऱ्या विरामाला आपल्या परंपरेने एक वेगळा शब्द दिलेला होता. तो शब्द ‘अनध्याय’. पर्वकाळ, मेघगर्जना, आप्ताचा मृत्यू अशा ठरलेल्या प्रसंगी वेदाध्ययन थांबवावे असे शास्त्र सांगत असे. अनध्यायाचा काळ संपताच अध्ययन जेथे थांबले तेथूनच पुढे चालू होई. त्याबद्दल शिष्याने क्षमा मागावयाची नसे, कारण अनध्याय हा अध्ययनाच्या नियमाचाच एक भाग होता. विरामाची व्यवस्था गुरुकुलाने स्वतःच केलेली असे. आता ज्या अध्ययनाला हा शब्द लागू होता त्या अध्ययनाचा अधिकारच स्त्रियांना नव्हता, ही गोष्ट दृष्टीआड करता येणार नाही. परंपरेचा गौरव करण्यासाठी हा शब्द येथे घेतलेला नाही. संस्थेने स्वतःच्या नियमात सामावून घेतलेला विराम आणि व्यक्तीच्या माथी दोष म्हणून मारलेला विराम या दोहोंतील भेद स्पष्ट करण्यापुरताच त्याचा उपयोग आहे. आजचा तांत्रिक व्यवसाय स्त्रीच्या विरामाला अनध्याय मानत नाही. तो त्याला खंड मानतो. प्रश्नाचे मूळ या ठिकाणी आहे.

३

स्त्रीच्या आयुष्यात आधी विद्या व मग संसार हा क्रम आज इतका स्वाभाविक वाटतो की तो अलीकडचा आहे याचे स्मरण राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील मराठी स्त्रियांची चरित्रे व आत्मकथने वाचली असता नेमका उलटा क्रम आढळतो. खुद्द नगरचे उदाहरण घ्यावे. सावित्रीबाई फुले यांनी अहमदनगर येथे मिस सिंथिया फरार यांच्या संस्थेत अध्यापनाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या वेळी त्या विवाहित होत्या. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये वैद्यकीच्या शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्यापूर्वीच त्यांना मातृत्व व अपत्यवियोग या दोहोंचा अनुभव आलेला होता. १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्रीविभागावर त्यांची नेमणूकही झाली, परंतु काम हाती घेण्यापूर्वीच १८८७ मध्ये त्यांचा अंत झाला. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या तेव्हा त्या विधवा होत्या व मनोरमा ही लहान मुलगी त्यांच्या पदरी होती. पुढे अमेरिकेत त्यांनी बालशिक्षणाच्या पद्धतीचा अभ्यास केला. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात त्यांनी तेथील स्त्रियांच्या स्थितीस एक विस्तृत प्रकरण दिले.

त्यांच्या केडगावच्या प्रयोगाचे मर्म या पार्श्वभूमीवर ध्यानी येते. मुक्तिसदनात आलेल्या स्त्रियांपैकी पुष्कळ जणी दुष्काळातून वाचलेल्या, विधवा किंवा परित्यक्ता होत्या. त्यांना अक्षरओळखीबरोबरच शेती, विणकाम, शिवणकाम असे उद्योग शिकविले गेले. सर्वांत महत्त्वाचा उद्योग छापखान्याचा होता. खिळे जुळविणे हे त्या काळी पुरुषांचे, कसबी व तांत्रिक काम मानले जाई. रमाबाईंनी केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, संपूर्ण छापून झाले. त्यामागे या स्त्रियांचे हात होते. वयाने प्रौढ व पूर्वशिक्षण नसलेल्या स्त्रीस तांत्रिक कसब देता येते, याचा हा पुरावा होय.

हिंगणे येथेही हेच घडले. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या आश्रमाने विधवा ही आपली विद्यार्थिनी मानली. पार्वतीबाई आठवले यांचे ‘माझी कहाणी’ हे १९२८ मधील आत्मचरित्र या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. मुलगा पदरी असताना त्यांनी अभ्यासाला आरंभ केला, त्या आश्रमाच्या कामात उभ्या राहिल्या आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर, १९१८ मध्ये, इंग्रजी शिकण्यासाठी अमेरिकेस गेल्या. तेथे परक्या घरांत घरकाम करून त्यांनी उदरनिर्वाह केला. प्रौढपणी शिकताना पाठांतर जड जाते, लहानांबरोबर वर्गात बसताना संकोच होतो, या गोष्टी त्या आडपडदा न ठेवता सांगतात. उशिरा शिकणाऱ्या मनाचे इतके प्रांजळ वर्णन मराठीत विरळा. त्यांच्या भगिनी आनंदीबाई, म्हणजेच बाया कर्वे यांनी ‘माझे पुराण’ (१९४४) मध्ये विवाहानंतर नागपूरला जाऊन सुईणपणाचे शिक्षण घेतल्याची हकीकत दिली आहे. संसार चालू असता घेतलेले धंद्याचे शिक्षण या दृष्टीने त्या हकीकतीचे मोल पार्वतीबाईंच्या वृत्तांताहूनही अधिक आहे.

रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) या ग्रंथाची रचना मात्र निराळे काही सुचविते. या ग्रंथात घरातल्या स्त्रियांचा विरोध सोसून केलेल्या अध्ययनाची कथा आहे आणि ती १९०१ मधील न्यायमूर्तींच्या निधनापाशी थांबते. रमाबाईंचे स्वतंत्र कार्य, म्हणजे १९०९ मध्ये पुण्यात सुरू झालेले सेवासदन व त्यातील परिचारिकांच्या शिक्षणाची व्यवस्था, या ग्रंथाच्या बाहेर राहते. ग्रंथाचा विषय पाहता हे साहजिक आहे. तरीही त्यावरून एक लक्षणीय गोष्ट दिसते. मराठी आत्मकथनाला स्त्रीच्या पहिल्या प्रवेशाची कथा सांगता येते. उंबरठा ओलांडण्याचा क्षण, पहिले पुस्तक, पहिला विरोध यांसाठी त्यापाशी घडीव साचा आहे. तिच्या दुसऱ्या प्रवेशाची कथा सांगण्याचा साचा मात्र त्याला सहसा सापडत नाही. पार्वतीबाईंचे पुस्तक हा ठळक अपवाद आहे.

या सर्व संस्थांविषयी एक मर्यादा स्पष्टपणे सांगितली पाहिजे. मुक्तिसदन व हिंगणे यांच्या बहुसंख्य विद्यार्थिनींचा संसार संपलेला होता. दैवाने किंवा समाजाने त्यांना घराबाहेर काढले होते, म्हणून त्यांचा सारा वेळ संस्थेला मिळू शकला. आज परतणाऱ्या स्त्रीचे घर चालूच असते. म्हणून जुन्या संस्थांची नक्कल करून भागणार नाही. त्यांच्याकडून घेण्याजोगे तत्त्व एकच आहे. विद्यार्थिनी म्हणून प्रौढ व मूल असलेली स्त्री गृहीत धरून त्यांनी आपले वेळापत्रक, वसतिगृह व अभ्यासक्रम आखले. स्वातंत्र्योत्तर काळात या तत्त्वाचा अखेरचा मोठा आविष्कार म्हणजे दुर्गाबाई देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील केंद्रीय समाजकल्याण मंडळाने १९५८ मध्ये सुरू केलेला प्रौढ स्त्रियांसाठीचा संक्षिप्त अभ्यासक्रम. राहिलेले शालेय शिक्षण थोड्या काळात पुरे करून घ्यावे व शिक्षिका, परिचारिका आदी व्यवसायांचे दार उघडावे, अशी ती योजना होती. हे मंडळ २०२२ मध्ये बंद करण्यात आले.

४

क्रम उलटला तो हळूहळू, आणि त्यात यशाचाच वाटा मोठा आहे. मुली वेळेवर शाळेत जाऊ लागल्या, विवाहाचे वय वाढले आणि विद्या संसाराच्या आधी आली. कमला सोहोनी, पूर्वाश्रमीच्या कमला भागवत, यांचे आयुष्य या संक्रमणाचा आरंभ दाखविते. १९३३ मध्ये बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारण्यात आला. त्यांनी सत्याग्रही वृत्तीने तो एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर मिळविला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची पीएच. डी. संपादन केली. पुढे कुन्नूरच्या पोषणविषयक प्रयोगशाळेत त्या जबाबदारीच्या पदावर होत्या. १९४७ मध्ये विवाहानंतर त्या मुंबईस आल्या व विज्ञान संस्थेच्या जीवरसायनशास्त्र विभागात काम करू लागल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरील त्यांचे संशोधन येथलेच. त्यांच्याविषयीच्या बहुतेक लेखनात बंगलोरचा प्रसंग रंगवून सांगितला जातो. कुन्नूर सोडून मुंबईस येण्याची गोष्ट एका वाक्यात आटोपते. सुदैवाने मुंबईत त्यांना नवा विभाग मिळाला. तो मिळाला नसता तर काय झाले असते, हा प्रश्न चरित्रकारांना सुचत नाही. विवाहामुळे स्त्रीने स्थानांतर करावे हे गृहीत धरल्यामुळेच तो सुचत नाही.

सुधा मूर्ती यांनी जे. आर. डी. टाटा यांच्या आठवणींत सांगितलेला प्रसंग महाराष्ट्रातील वाचकांस परिचित आहे. १९७४ च्या सुमारास टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असे लिहिलेले पाहून त्यांनी टाटांना एक पत्र पाठविले आणि त्या कंपनीत अभियंता म्हणून त्यांची नेमणूक झाली. आठवणीचा हा पूर्वार्ध प्रेरक म्हणून वारंवार उद्धृत होतो. उत्तरार्धात, पतीच्या नव्या उद्योगासाठी पुण्यास जावयाचे म्हणून नोकरी सोडताना बॉम्बे हाऊसच्या जिन्यावर टाटांशी झालेली भेट येते. समीक्षकाच्या दृष्टीने या दोन प्रसंगांतील विषमता मननीय आहे. आत येताना पत्र, वाद, प्रवास, मुलाखत असा सारा संघर्ष आहे. बाहेर जाताना संघर्ष नाही, निरोप आहे. आत येण्याचा अन्याय लेखिकेला व वाचकाला अन्याय म्हणून दिसतो. बाहेर जाणे मात्र दोघांनाही जीवनक्रमाचा भाग वाटते. ही एका लेखिकेची उणीव नव्हे. एका पिढीच्या जाणिवेची ती कक्षा आहे.

शिक्षणसंस्थांच्या बाबतीतही हेच झाले. कर्व्यांच्या संस्थेने १९९१ मध्ये पुण्यात मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. त्यांनी स्थापिलेल्या महिला विद्यापीठानेही पुढे मुंबईत तंत्रशिक्षणाची सोय केली. या घटनांचे महत्त्व वादातीत आहे. परंतु विधवेसाठी निघालेल्या संस्थेची अपेक्षित विद्यार्थिनी आता बारावी उत्तीर्ण झालेली अठरा वर्षांची मुलगी झाली. शासनाचे धोरणही तिच्याभोवतीच फिरते. महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव असतात. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून ठराविक प्रवर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे शिक्षणशुल्क पूर्ण माफ करण्यात आले आहे. प्रवेशद्वारावर इतका खर्च करणाऱ्या समाजाने दहा वर्षांनी त्याच मुलीस परत आणण्यासाठी काय केले, असे विचारल्यास उत्तर तोकडे पडते.

५

तोकडे असले तरी उत्तर अगदीच नाही असे नव्हे. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २००२-०३ मध्ये स्त्रीशास्त्रज्ञांसाठी योजना सुरू केली. तिच्या तीन शाखा होत्या : मूलभूत व उपयोजित संशोधन, समाजोपयोगी प्रकल्प आणि बौद्धिक संपदा हक्कांचे प्रशिक्षण. पहिल्या दोहोंसाठी २७ ते ५७ अशी वयोमर्यादा ठेवण्यात आली. रूढ शिष्यवृत्त्यांच्या वयोमर्यादा पाहता ही मोठीच सुधारणा होती. २०१४ मध्ये या योजना ‘किरण’ या छत्राखाली आल्या व नंतर ‘वाइज-किरण’ या नावाने त्यांची पुनर्रचना झाली. जैवतंत्रज्ञान विभागाचीही याच हेतूची स्वतंत्र योजना निघाली.

यांपैकी तिसरी शाखा सर्वांत विचारपूर्वक आखलेली दिसते. वर्षभराच्या प्रशिक्षणात एकस्व अर्जांचा शोध घेणे, त्यांचे परीक्षण करणे व मसुदे तयार करणे हे काम शिकविले जाई. पुण्यातील एका शासकीय संशोधनसंस्थेतही त्याची सोय होती. हे काम असे आहे की त्यात विज्ञानाची जुनी बैठक वाया जात नाही, नवे कसब वर्षभरात हस्तगत होते व ते पुष्कळ अंशी घरूनही करता येते. परतणाऱ्या स्त्रीस जुन्या खुर्चीत बसविण्याऐवजी तिच्या जुन्या विद्येला नवे स्थान शोधून देण्याची ही रीत होय.

संशोधनाच्या शाखेविषयी मात्र हेच म्हणता येत नाही. तेथे साधारणतः तीन वर्षांचा प्रकल्प मिळे. तो संपल्यावर त्या संस्थेत तिला पद असेलच असे नसे. स्त्री परत आली, परंतु पाहुणी म्हणून. इंग्लंडमधील तुलना येथे उद्बोधक ठरते. सरे विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका डॅफ्ने जॅक्सन यांनी १९८५ मध्ये परतणाऱ्या शास्त्रज्ञांसाठी शिष्यवृत्ती सुरू केली. त्यांच्या मृत्यूनंतर १९९२ मध्ये त्यांच्या नावाने न्यास स्थापन झाला. या शिष्यवृत्तीत साधारणतः दोन वर्षे अर्धवेळ काम असते आणि प्रकल्पाइतकेच पुनःप्रशिक्षणाला स्थान असते. अर्धवेळ ही सवलत म्हणून दिलेली नसून योजनेचा पायाच आहे. घर चालू असता परतणे शक्य व्हावयाचे तर तास मोकळे हवेत, हे तेथे आरंभीच ओळखले गेले. आपल्याकडील कायद्याने विरामाची मुदत वाढविली. १९६१ च्या प्रसूति-लाभ अधिनियमातील १२ आठवडे २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे झाले व ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांस पाळणाघर बंधनकारक झाले. परंतु हा कायदा नोकरीत असलेल्या स्त्रीचा आहे. जिची नोकरी सुटली तिला तो दिसत नाही.

आता या विषयावरील सर्वांत सबळ आक्षेपाचा विचार केला पाहिजे. तंत्रविद्या झपाट्याने जुनी होते, सात वर्षांनी परतणाऱ्या व्यक्तीवर काम सोपविणे उद्योगास परवडणारे नाही, तेव्हा हा पक्षपाताचा प्रश्न नसून व्यवहाराचा आहे, असे म्हटले जाते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यात तत्त्व व साधन यांची गल्लत झालेली आहे. आरेखन फलकावर टी-पट्टीने होई ते आता संगणकावर होते. साधन बदलले. तुळईवर भार आला असता ती किती वाकेल याचे गणित बदलले नाही. नवी आज्ञावली काही महिन्यांत शिकता येते. भार, ताण, सहनमर्यादा यांची जाण येण्यास वर्षे लागतात, आणि ती परतणाऱ्या स्त्रीपाशी असते. शिवाय कारखान्यात अखंड नोकरी करणाऱ्या पुरुषालाही नवे साधन शिकावेच लागते. त्याच्या त्या शिक्षणाचा खर्च उद्योग बिनतक्रार करतो व त्याला ‘प्रशिक्षण’ म्हणतो. स्त्रीच्या बाबतीत त्याच गरजेला ‘अपात्रता’ म्हटले जाते. भेद ज्ञानाचा नसून तो कोणाच्या खात्यावर टाकावयाचा याचा आहे. काही क्षेत्रांत, विशेषतः संगणकशास्त्रात, तत्त्वेही वेगाने बदलतात हे खरे. तेथे पुनःप्रशिक्षणाचा काळ अधिक लागेल. त्यामुळे परतीचे दार असावे की नसावे हा प्रश्न उरत नाही, त्याच्या पायऱ्या किती असाव्यात एवढाच उरतो.

६

उपर्युक्त विवेचनातून निघणारा निष्कर्ष असा की, परतणाऱ्या स्त्रीचा प्रश्न हा नवा प्रश्न नसून विस्मृतीत गेलेला प्रश्न आहे. महाराष्ट्राने स्त्रीशिक्षणाचा आरंभच मुळी उशिरा शिकणाऱ्या स्त्रीपासून केला. पहिल्या संस्था तिच्यासाठी निघाल्या आणि पहिली आत्मकथने तिने लिहिली. पुढे अठरा वर्षांची विद्यार्थिनी मिळू लागली तेव्हा संस्थांनी तिच्यासाठी दारे उघडली, हे योग्यच झाले. मात्र ती उघडताना जुने दार बंद झाले, याची नोंद कोणी घेतली नाही.

या दृष्टीने विद्यापीठांवर दोन कर्तव्ये येतात. एक संस्थेचे आहे. तंत्रनिकेतने व अभियांत्रिकी महाविद्यालये यांत पूर्वपदवीधर स्त्रियांसाठी सहा महिने ते एक वर्ष मुदतीचे, दुपारच्या वेळेचे व पाळणाघराची सोय असलेले पुनःप्रशिक्षण चालविता येईल. प्रयोगशाळा आहेत, अध्यापक आहेत, दुपारी वर्गखोल्याही रिकाम्या सापडतात. दुसरे कर्तव्य मराठी विभागांचे आहे. पार्वतीबाई आठवल्यांनंतर प्रौढपणी शिकणाऱ्या, सोडून गेलेल्या व परत आलेल्या स्त्रियांची कथने जमा करणे, त्यांची भाषा अभ्यासणे आणि शासकीय मराठीतील ‘क्षमापित’ यासारख्या शब्दांची चिकित्सा करणे हे काम कोणत्याही तांत्रिक संस्थेकडून होणार नाही.

नगरच्या केडगावातून सकाळी नागापूर वा सुप्याच्या वसाहतीकडे कामगारांच्या गाड्या सुटतात. त्या गाडीत एके काळी बसणारी व आता मुलाला शाळेत सोडून घरी परतणारी पदविकाधारक स्त्री कोणत्याही अहवालात बेरोजगार म्हणून नोंदली जाईलच असे नाही, कारण तिने नोकरी मागितलेली नसते. मागावयाची कोठे, हेच तिला ठाऊक नसते. दौंडजवळच्या केडगावी अक्षर न ओळखणाऱ्या स्त्रीच्या हाती खिळे देऊन ग्रंथ छापून घेण्यात आला. ज्या स्त्रीपाशी पदविका आहे, गणित आहे व कारखान्याचा अनुभव आहे, तिच्या हाती तिची उपकरणे पुन्हा देणे त्याहून अवघड असण्याचे कारण नाही. तिच्या मधल्या वर्षांना खंड न म्हणता अनध्याय म्हणावयाचे ठरले, तर अध्ययन पुढे चालू करण्याची जबाबदारी एकट्या शिष्येची राहत नाही, ती गुरुकुलावरही येते.